पाच सेंटीमीटर तोकडी

मित्रांनो, मी एक जुनी चौकट आहे. चौकोनी आहे, पण चौरस नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण लपवालपवी मला आता जमत नाही.

मी दाराची चौकट नव्हे, तसबिरीचीही नव्हे. मी मोजणीची चौकट आहे. पांढऱ्या प्लॅस्टिकच्या चार नळ्या, चार कोपऱ्यांना चार एल्बो, म्हणजे नळ्या जोडायचे काटकोनी तुकडे, आणि मधे आडवे-उभे ताणलेले दोरे, त्यांचे झाले पंचवीस चौकोन. मला भिंतीला टेकून ठेवलं तर येणारा-जाणारा विचारतो, "यावर मोजे वाळत घालता का?" हसू द्या. समुद्राच्या खडकावर किती शिंपले आहेत हे या हसणाऱ्यांना कोण सांगतं? मी सांगते.

माझा जन्म एका स्वयंपाकघरातल्या टेबलावर झाला. ज्यांनी मला घडवलं ते प्लंबर. त्यांच्या मुलीला समुद्राच्या संशोधन केंद्रात नोकरी लागली होती. काम असं, की ओहोटीला खडकावर जायचं आणि तिथले मृदुकाय प्राणी मोजायचे. मृदुकाय हा पुस्तकी शब्द. म्हणजे आपले शिंपले, कालवं, शंख, गोगलगायी. अंगानं मऊ आणि बहुतेक पाठीवर घर घेऊन फिरणारे. त्यातले इथले मूळचे किती आणि बाहेरून आलेले किती, हे वेगवेगळं लिहायचं. त्यासाठी बरोब्बर पन्नास बाय पन्नास सेंटीमीटरची चौकट लागते. केंद्राच्या स्टोअरमधला माणूस म्हणाला, "धातूची मागवली आहे. येईल आठ-दहा महिन्यांत." आठ-दहा महिने! समुद्राला जणू यांनी थांबायची नोटीस पाठवली होती.

मुलगी घरी येऊन चिडचिड करायला लागली.  वडिलांनी कुठल्याशा बाथरूमच्या कामातून उरलेली नळी आणली, टेबलावर ठेवली आणि करवत चालवली. आई ओरडली, "अहो, तो भुसा पिठात उडतोय!" वडील म्हणाले, "पीठ झाक." तासाभरात मी तयार. मुलीनं टेप लावली. पन्नास, पन्नास, पन्नास, पन्नास. ती इतकी खूश झाली की तिनं दोरे ओवायच्या आधीच मला गळ्यात घालून घरभर नाच केला. खोटं का बोलू, तेवढं कौतुक मला पुढे कधीच मिळालं नाही. पण ते एकदाचंच मला आयुष्यभर पुरलं.

खडकावर कालवं काढणाऱ्या बायका होत्या. पंधरा-सोळा जणी. ओहोटी लागली की टोपल्या घेऊन उतरायच्या, छोट्या सुरीनं कालवं खडकापासून सोडवायच्या, आणि पाणी वर चढायच्या आत बाहेर. त्यावरच त्यांची घरं चालत. त्यांनी माझ्या मालकिणीला नाव ठेवलं मोजणीबाई. त्यांच्यातली सगळ्यात म्हातारी होती तिला सगळ्या सुरीवाली मावशी म्हणत. तिची सुरी झिजून निम्मी झाली होती, पण तोंडाची धार कमी झाली नव्हती.

मोजणी कशी करायची, त्याचीही एक रीत असते. मोजणीबाई खडकाकडे पाठ करायच्या, डोळे मिटायच्या आणि मला खांद्यावरून मागे फेकायच्या. मी पडेन तिथं मोजायचं. का? तर डोळा हावरट असतो. तो जिथं भरपूर आहे तिथंच जातो, आणि मग आकडे फुगतात. मावशीनं पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा ती टोपली खाली ठेवून पोट धरून हसली.

"काय गं बाई, शिकून शिकून हे शिकलीस? डोळे मिटून फेकायला?"

"मावशी, डोळे उघडे ठेवले तर मी लबाडी करीन."

"मग आमच्या साहेबलोकांना पण डोळे मिटायला सांग. ते उघडे ठेवूनच करतात."

मी पडले की मोजणीबाई गुडघ्यावर बसायच्या. एकेका चौकोनात बोट ठेवायचं, मोजायचं, पाण्यात न पुसणाऱ्या पाटीवर पेन्सिलीनं चार उभ्या रेघा आणि एक आडवी. अशा वीस जागा. उन्हानं माझ्या नळ्या तापायच्या, त्यांचे गुडघे सोलायचे. अहवाल वाचणाऱ्यांपैकी किती जणांचे गुडघे सोललेत, हे मला एकदा मोजायला आवडेल.

माझ्या आत कायम तीन मंडळी भेटायची. एक देशी कालव, खडकासारखंच दिसणारं, खडबडीत. दुसरी देशी गोगलगाय, टोपी घातल्यासारखी खडकाला घट्ट चिकटलेली. आणि तिसरी ती परकी काळी शिंपली, नखाएवढी, झुबक्यानं राहणारी. ती जहाजांच्या तळाला चिकटून कुठल्याशा लांबच्या समुद्रातून आली होती. तिला परकी म्हणतात, पण ती काही स्वतः तिकीट काढून आली नव्हती. आणणारे वेगळेच, आणि त्यांना कोणी मोजत नाही. तरी तिच्यावर लक्ष ठेवावं लागतं हेही खरंच. ती वाढत सुटली तर कालवांना बसायला जागा उरत नाही. सुरीवाली मावशी तिला थुंकून म्हणायची, "ना चव, ना मास. मांजरसुद्धा हुंगून निघून जातं."

पहिली पाच वर्षं मी इमानानं मोजलं. एका चौकटीत सरासरी कालवं चाळीस, काळ्या शिंपल्या वीस, टोपीवाल्या गोगलगायी दहा. एखाद्या वर्षी एक-दोन इकडेतिकडे. एका अहवालाच्या मुखपृष्ठावर माझा फोटोही आला. मला धरून केंद्राचे मोठे साहेब उभे होते. साहेब त्या दिवशी पहिल्यांदा आणि शेवटचे खडकावर आले होते, बूट भिजले म्हणून वीस मिनिटांत परत गेले. फोटोखाली त्यांचं नाव होतं. माझं नव्हतं, बाईंचंही नव्हतं.

पाचव्या मोजणीच्या शेवटच्या दिवशी मी एका धारदार खडकावर आपटले आणि माझ्या एका नळीला एल्बोपाशी तडा गेला. बाईंनी मला घरी नेलं. वडिलांची नजर तोवर अधू झाली होती, पण हात तोच होता. त्यांनी तडकलेला तुकडा कापून टाकला, नळी पुन्हा एल्बोत बसवली. मग मी वाकडी दिसायला लागले, म्हणून समोरची नळीही तेवढीच कापली. गुण्या लावून चारही कोपरे तपासले. सवयीनं नळीत फुंकूनही पाहिलं, कुठं गळतंय का ते! मग बाईंच्या हातात मला देत म्हणाले, "घे. एकदम काटकोनात आहे."

बाईंनी दोरे पुन्हा ओवले, पाच आडवे भाग, पाच उभे, आणि मला पिशवीत घातलं. टेप त्यांनी लावली नाही. बापानं केलेल्या वस्तूला कोण टेप लावतं?

मित्रांनो, इथंच घोळ झाला. मला कळत होतं. माझ्या दोन बाजू आखडल्या होत्या, पाच-पाच सेंटीमीटरनं. पण चौकटीला तोंड नसतं. पुढची तीन वर्षं मी तोकडी राहून मोजत गेले आणि रेघा कमी पडत गेल्या. कालवं छत्तीस. पुढच्या वर्षीही छत्तीस. त्याच्या पुढच्याही.

केंद्रात मोठ्या साहेबांनी तक्ता पाहिला आणि टेबलावर बोट आपटलं. "चाळीसची छत्तीस! दहा टक्के घट. आणि भरून निघत नाहीये. कारण उघड आहे. त्या बायका ओरबाडतात." त्यांनी कागद तयार केला. खडकावर दोन वर्षं कालवं काढायला बंदी. जी काढेल तिची टोपली जप्त. वर पाठवण्यापूर्वी फक्त एक गोष्ट हवी होती, आकड्यांच्या तक्त्याखाली मोजणीबाईंची सही. सोमवारपर्यंत.

बाईंनी सही लगेच केली नाही, एवढं त्यांचं थोरपण. पण आकडे त्यांचेच होते, ते नाकारायचे तरी कसे? शनिवारी ओहोटीला त्या मला घेऊन खडकावर गेल्या आणि बायकांना सगळं सांगितलं. चोरून कागद पाठवण्यापेक्षा तोंडावर शिव्या खाव्यात, असा त्यांचा हिशेब असावा.

शिव्या मिळाल्याच. एक जण म्हणाली, "दोन वर्षं खायचं काय? तुझ्या रेघा?" दुसरी रडायला लागली, तिचं मूल पाठीवर होतं. सुरीवाली मावशी मात्र एका खडकावर बसून राहिली.  मग म्हणाली, "कालवं चाळीसची छत्तीस. बरं. ती टोपीवाली?"

बाईंनी पाटी पाहिली. "दहाच्या नऊ."

"आणि ती काळी, भिकार?"

"वीसच्या अठरा."

"म्हणजे दहातली एक तीही गेली."

"हो."

"मग मला सांग बाई, तिला कोण खातं? आम्ही कालवं ओरबाडतो म्हणतोस ना? ती काळी आम्ही हातात धरत नाही. ती टोपीवाली आम्ही कधी उपटली नाही. मग तीनही अशी मापात कशी कमी झाली? एकाच विळीवर चिरल्यासारखी? समुद्र एवढा शिस्तीचा कधीपासून झाला?"

बाईंच्या हातातली पेन्सिल थांबली. तीन वर्षं तक्ता समोर होता. साहेबांनी पाहिला, केंद्रातल्या बाकीच्यांनी पाहिला, खुद्द बाईंनी पाहिला. हा प्रश्न एकाच्याही डोक्यात आला नाही. तो मावशीच्या डोक्यात आला, जिला ते आकडे नुसते ऐकवले होते. का, सांगू? बाकीच्यांचं काहीच जाणार नव्हतं. तिची टोपली जाणार होती.

बाईंनी पिशवीतून टेप काढली. खडकावर अंतर मोजायला ती कायम त्यांच्याजवळ असायची. माझ्या एका बाजूला लावली. पन्नास. दुसऱ्या बाजूला लावली. त्यांनी टेप उचलली, पुसली, पुन्हा लावली.

"काय गं?" मावशीनं विचारलं.

"पंचेचाळीस."

"म्हणजे?"

"चौकट लहान झाली आहे, मावशी. दहातला एक भाग गेलाय. मी तीन वर्षं लहान चौकटीत मोजतेय."

मावशी उठली. मला वाटलं, आता ती मला समुद्रात भिरकावणार. तिचा हक्क होता तो. ती म्हणाली, "म्हणजे तुमची चौकट आटली, आणि चोर आम्ही?"

  बाईंनी मान खाली घातली. मित्रांनो, मान खाली घालणं सोपं नसतं. मोठ्या खुर्च्यांवर बसलेली कितीतरी माणसं मी पाहिली, त्यांच्या मानेला तो सांधाच नसतो.

संध्याकाळी बाईंनी मला स्वयंपाकघरातल्या त्याच टेबलावर ठेवलं. वडील नळाच्या जुन्या चकत्या निवडत बसले होते.

"बाबा, ही दुरुस्त करताना नळी कापली होती का?"

"मग? तडा गेलेला तुकडा ठेवतात का?"

"आणि समोरची?"

"तीही कापली. वाकडी देऊ का तुला?" मग मुलीचा चेहरा त्यांना दिसला असावा, अधू नजरेलाही. "का? काय झालं?"

बाईंनी सांगितलं. बंदीचा कागद, बायका, सगळं. वडिलांनी मला जवळ ओढलं आणि अंगठ्यानं माझ्या चारही बाजू चाचपल्या. "नळाच्या कामात पाच सेंटीमीटर म्हणजे काय गं? भिंत भरून घेते. मी कोपरे पाहिले. लांबी पाहिलीच नाही." मग त्यांनी मला परत मुलीकडे सरकवलं. "माझं नाव घाल त्या कागदात. लिही, बापानं कापली."

"नाही बाबा. कापायचं काम तुमचं होतं, ते तुम्ही चोख केलंत. मोजायचं काम माझं होतं. तीन वर्षं टेप माझ्या पिशवीत होती."

आईनं दोघांसमोर चहा ठेवला आणि म्हणाली, "दोघंही सारखेच. मी तेव्हाच म्हणाले होते, टेबलावर करवत चालवू नका." मग तिघंही हसले. रडण्यापेक्षा ते बरं होतं.

सोमवारी साहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि दार लावलं. "मॅडम, हे आत्ता सुचतंय? मी वर फोन करून बसलोय. एक करा, ती मोडकी फेकून द्या. धातूची चौकट स्टोअरला कधीची येऊन पडली आहे, ती घ्या, यंदापासून नवी मोजणी सुरू करा. मागचं उकरून कोणाचं भलं होणार आहे?"

धातूची चौकट! ती खरोखरच सहा वर्षांपूर्वी आली होती. खोक्यातून बाहेरही निघाली नव्हती, कारण पावतीवर कोणाची तरी सही राहिली होती. यावर मी काय बोलणार! तुम्हीच बोला.

पण खरी मेख फेकून देण्यात होती. नीट समजून घ्या. मी उकिरड्यावर गेले असते तर मी किती तोकडी होते, हे कोणालाच कधी सिद्ध करता आलं नसतं. तीन वर्षांचे खोटे आकडे खरे ठरले असते. बंदी लागली असती, टोपल्या जप्त झाल्या असत्या, आणि पुरावा कचऱ्याच्या गाडीत. बाई म्हणाल्या, "साहेब, ही फेकायची नाही. आणि तक्त्यावर मी सही करणार नाही."

"नोकरी आहे, मॅडम."

"आहे ना. मोजायची आहे."

त्या दिवशी मी टेबलाच्या पायाशी टेकून उभी होते. मला हात असते तर मी टाळी दिली असती.

पुढच्या ओहोटीला पुन्हा मोजणी झाली. वीस जागा. आधी धातूची चौकट टाकायची, मोजायचं, मग तिचाच कोपरा धरून मला ठेवायचं आणि पुन्हा मोजायचं. बायका कडं करून उभ्या होत्या. प्रत्येक आकडा बाई मोठ्यानं म्हणायच्या आणि मावशी तो पुन्हा मोजून पाहायची, बोटांनी. साहेबांनी एक माणूस पाठवला होता, तो सावली शोधत होता. पाणी चढायला लागलं तेव्हा सरासरी निघाली. धातूच्या चौकटीत कालवं चाळीस. माझ्यात छत्तीस. काळ्या वीस, माझ्यात अठरा. टोपीवाल्या दहा, माझ्यात नऊ.

कोणीही ओरबाडलं नव्हतं. पहिल्या वर्षी जेवढी होती तेवढीच कालवं आजही होती.

"झालं?" मावशीनं विचारलं.

"झालं. पण मावशी, चाळीस आहेत म्हणून उद्यापासून दुप्पट काढायची असं नाही हं."

"ते तू आम्हाला शिकवतेस? अंगठ्याएवढं कालव आम्ही कधी सोडवलं का, विचार यांना. आधी तू तुझी चौकट सांभाळ." आणि ती हसली. त्या शनिवारनंतर पहिल्यांदा.

बंदीचा कागद मागे घेतला गेला. सुधारलेला अहवाल गेला, त्यात बाईंनी स्वतःच्या हातानं लिहिलं की चूक माझी, मी माप तपासलं नाही. त्याबद्दल त्यांना लेखी ठपका मिळाला. ज्यांनी वीस मिनिटांत बूट भिजले म्हणून खडक सोडला त्यांना काहीही मिळालं नाही. हे असंच चालतं, आणि हे असं चालतं याचा मला संताप येतो. तो मी लपवणार नाही. पण त्या पंधरा-सोळा टोपल्या दुसऱ्या दिवशी खडकावर उतरल्या, आणि माझ्या संतापापेक्षा ती गोष्ट मोठी आहे.

मला फेकलं नाही. वडील एकदा काठी टेकत केंद्रात आले, माझ्या अंगावर जाड पेनानं लिहून गेले, ४५ × ५०. अक्षर थोडं तिरकं आलंय. मला ते कुठल्याही मुखपृष्ठापेक्षा आवडतं. त्या तीन वर्षांचे आकडे आता माझ्यावरून दुरुस्त करून वापरतात. मी चुकले, पण किती चुकले हे पक्कं माहीत असल्यामुळे मी उपयोगाची राहिले.

मी कृतज्ञ आहे, मित्रांनो. नळी वाया जाऊ न देणाऱ्या त्या हातांची, आणि बापाची चूक झाकायच्या ऐवजी स्वतःच्या अंगावर घेणाऱ्या मुलीची. आणि जिनं एकही वही न उघडता मला पकडलं, त्या म्हातारीची तर सगळ्यात जास्त.

तुमच्याकडे एक मागणं आहे. तुमची पट्टी, तुमचा तराजू, तुमचं घड्याळ, जे जे दुसऱ्याला मापतं ते वर्षातून एकदा तरी स्वतः मापून घ्या, कोणावर बोट ठेवण्याच्या आधी. आणि एखादी वस्तू चुकली म्हणून लगेच उकिरड्यावर टाकू नका. किती चुकली ते मोजा, तिच्या अंगावर लिहा, आणि जवळ ठेवा. माणसांनाही हेच लागू आहे. पण ते तुम्ही मोठे झाल्यावर बघा.

आता दर मोजणीच्या पहिल्या दिवशी बायका ओहोटीआधीच येतात. बाई टेपचं एक टोक धरतात, दुसरं मावशी. तिला आकडे वाचता येत नव्हते, या वर्षी येतात. आधी धातूचीला लावतात, मग मला. "तुझ्यावर विश्वास आहे गं," मावशी बाईंना म्हणते, "पण टेप सोडू नकोस." मग ती डोळे बारीक करून टेपवर वाकते आणि खडकावरच्या सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं ओरडते, "पंचेचाळीस! लिही."

आणि बाई लिहितात.